करंडीखालचं वळण

फिशररो,
मंगळवार, २९ सप्टेंबर १८७४

वॅटीस आजीचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे, तरी अक्षर इतकं बारीक काढतोस की वाचणाऱ्या बाईंनी चष्मा दोनदा पुसला. बाई म्हणजे मिस ग्रिझेल हॉल्डेन, चर्चमागच्या घरातल्या. त्यांचे बंधू काय काम करतात ते मी आज बोलणार नाही. तुझा भाऊ डँड होडी घेऊन बाहेर गेलाय, आणि आपल्या घरची होडी पाण्यावर असताना तो शब्द मी तोंडातून काढत नाही, हे तू विसरला नसशील. काळा कोट म्हणते. होडी धक्क्याला लागली की मग त्यांचा हुद्दा तोंडाने घेईन, हवा तितक्या वेळा. ग्रिझेलबाईंना हसू येतंय. येऊ दे. त्यांचा भाऊ मासे धरायला जात नाही.

आता तुझं. तू लिहितोस की काठी मागे नेईपर्यंत सगळं ठीक असतं. पुढे मारायची वेळ आली की अंग थांबतं, हात एकटेच पळतात, चेंडू डावीकडच्या काटेरी झुडपात जातो आणि तू उजव्या टाचेवर मागे कलंडतोस. असं उन्हाळ्याच्या अखेरीपासून चाललंय आणि मला आत्ता कळवतोस. लबाड.

किलरेनीचं ते गोल्फचं मैदान तुझ्या हातून जाता कामा नये. गवत राखायचं, काठ्या दुरुस्त करायच्या, साहेबलोकांना खेळ शिकवायचा, आणि रात्री कोरड्या कपड्यांत झोपायचं. याहून चांगली नोकरी आपल्या घरात कुणाला मिळालेली नाही. मेजर ड्रमंड म्हणतात चोवीस ऑक्टोबरला तू आणि तो मुंगो रीकी समोरासमोर खेळा, जिंकेल तो राहील. हरलास तर घरी येशील. घरी म्हणजे डँडच्या होडीत. त्याने तुझी जागा रिकामी ठेवली आहे, मला न सांगता. मला दिसतं. तुझा आजा त्या पाण्यात गेला, तुझा बाप गेला. एक नातू मी रोज तिकडे पाठवते, तेवढं बस झालं. दुसरा मला जमिनीवर पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं सगळं हसण्यावारी नेलंस तरी चालेल.

मला वाटतं दोष तुझ्या नव्या बुटांचा आहे. गेल्या खेपेस आलास तेव्हा टाच एवढी उंच होती की मला वाटलं बोकड आला. टाचेवर उभा राहणारा माणूस वळणार कसा? ते बूट मुंगोला दे, तू जुने घाल.

आणि मी खेळले आहे हे लक्षात असू दे. नव्या वर्षाच्या सुट्टीत आम्ही कोळणी मैदानावर उतरायचो तेव्हा साहेबलोक कुंपणाला टेकून बघायचे आणि घरी जाऊन आरशापुढे तसंच करून पाहायचे. मला बक्षिसाची शाल मिळाली होती. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पाठीवर करंडीभर ओले मासे, कपाळावर तिचा पट्टा, असं रोज एडिंबरापर्यंत चालणाऱ्या बाईला तोल शिकवायला लागत नाही. डोकं हललं तर पट्टा मानेला झटका देतो. बाजूला झुकलं तर करंडी खाली ओढते. म्हणून जे वळायचं ते जागच्या जागी, मधे खुंटा ठोकल्यासारखं. आधी कंबर, मग खांदे, हात सगळ्यांत शेवटी.

तुझ्या आईची करंडी गाडीवाल्याबरोबर पाठवते आहे. तळाशी ओली वाळू भर, पट्टा कपाळाला लाव आणि काठी न घेता वळून बघ. लोक हसतील. तू आधीच हरायला निघालायस, हसण्याने आणखी काय बिघडणार?

आजी
(तिने खाली मासा काढला आहे. ती तिची सही. ग्रि. हॉ.)


किलरेनी,
गुरुवार, ८ ऑक्टोबर

प्रिय आजीस,

करंडी मिळाली. गाडीवाल्याने ती मेजरसाहेबांच्या देखत उतरवली आणि मोठ्याने विचारलं, "हे मासे कुणाचे?" त्या दिवसापासून मुंगो मला 'मावशी' म्हणतो. काल चार साहेबांसमोर म्हणाला, "मावशी, आज हॅडक मासा ताजा आहे का?" मी म्हटलं, "ताजा आहे, पण तुझ्या तोंडासमोर फार वेळ राहणार नाही." साहेब हसले. मुंगोही हसला. तो माणूस वाईट नाही, हीच पंचाईत आहे. त्याच्या काठीचा झोका पाहिलास तर तुलाही आवडेल. शेवटी छाती समोर, उजवी टाच वर, काठी खांद्यामागे, आणि तसाच उभा राहतो, जणू कुणी त्याचं चित्र काढतंय.

जुने बूट घातले. करंडीत वाळू भरून टेकड्यांमागे रोज सकाळी वळतो. तू म्हणालीस ते खरं आहे. डोकं स्थिर राहायला लागलं. काठी मागे नेताना आता मी झुलत नाही, उजव्या मांडीत भार नीट बसतो. पण पुढे येताना तेच. कंबर अर्ध्यावर येते आणि थांबते. कुणीतरी मागून कोट धरल्यासारखी. मग हात पळतात आणि बाकीचं तुला माहीत आहे.

नवल म्हणजे काही दिवस जमतं. अगदी सहज जमतं. त्या दिवशी मुंगोही गप्प होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कलंडलेला.

एक काम कर. डँड होडी घेऊन कोणत्या दिवशी जातो आणि कधी परत येतो ते मला कळव. येता आठवडा आणि त्याच्या पुढचाही. ठरलं असेल तसं.

तुझा,
वॅटी


फिशररो,
सोमवार, १२ ऑक्टोबर

वॅटीस,

डँडचे दिवस तुला कशाला हवेत?

मी या प्रश्नावर रविवारभर बसले. चर्चमध्ये बसले होते, पण बसले होते ती याच प्रश्नावर. एकच उत्तर सापडलं, आणि ते मला आवडलं नाही. तू मनाने हरून मोकळा झाला आहेस. होडीत जागा आहे का, कधीपासून आहे, हे बघतोयस. आजीला थेट विचारायची छाती नाही म्हणून दिवस विचारतोस.

तर ऐक. तुझं वल्हं अजून माळ्यावर आहे. तू चोवीस तारखेच्या आधी परत आलास तर ते मी चुलीत घालीन आणि त्यावर तुझ्यासाठी कांजी शिजवीन. तुझी आई गेली तेव्हा तू माझ्या गुडघ्याएवढा होतास. तेव्हापासून तुला समुद्राकडे पाठ करून बसायला मीच शिकवलं. मैदानावर साहेबांच्या काठ्या उचलायला मीच पाठवलं. डँडला नाही पाठवता आलं, तो थोरला होता, होडीला माणूस लागत होता. ते मी केलेलं आहे आणि ते मला रोज दिसतं. दोघांनाही घालवणार नाही.

काही दिवस जमतं आणि काही दिवस नाही, हे वाचून मला दुसरी शंका आली आहे. ग्रिझेलबाईंनी ती लिहायला नकार दिला. मी म्हटलं, मग तुमच्या भाषेत लिहा.

(तुमच्या आजींना विचारायचं आहे की तुम्ही संध्याकाळी व्हिस्की घेता का, आणि घेत असाल तर 'जमणाऱ्या' दिवसांच्या आधी घेता की 'न जमणाऱ्या'. ग्रि. हॉ.)

माझ्या तोंडी हे याहून बरं वाटलं असतं. असो.

कंबर अर्ध्यावर थांबते म्हणतोस. कंबर आपणहून थांबत नाही, वॅटी. गाढव थांबतं, कारण त्याला पुढे काहीतरी दिसतं. तुला काय दिसतं ते लिही. बाई असेल तर बाई लिही. कर्ज असेल तर कर्ज लिही. डोळ्याने दिसेनासं झालं असेल तर तेही लिही, मी रडणार नाही. पण मला दिवस विचारू नकोस.

आजी

(त्यांना न सांगता लिहिते. डँडची होडी बाहेर असते त्या प्रत्येक दिवशी आजी दुपारपासून धक्क्याच्या भिंतीपाशी उभ्या असतात. विचारलं तर म्हणतात, ऊन खाते. गेले चार दिवस इथे ऊन पडलेलं नाही. ग्रि. हॉ.)


किलरेनी,
शनिवार, १७ ऑक्टोबर

प्रिय आजीस,

बाई नाही, कर्ज नाही, व्हिस्की नाही. होडीत मला यायचं नाही. तुला उलटं वाटलं ते माझ्या लपवण्यामुळे. आता लिहितो. ग्रिझेलबाईंनी हे तुला हळू आवाजात वाचून दाखवावं.

ऑगस्टात रिचींची होडी बुडाली. जॉक रिची तिच्यात होता. जॉक आणि मी शिंपल्या वेचत मोठे झालो, तुला सांगायला नको. ती बुडाली त्या दुपारी मी इथे माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला खेळ खेळलो. असा की मेजरसाहेब तंबाखू ओढायचे विसरले. प्रत्येक फटक्याला मी पूर्ण वळलो, भोवऱ्यासारखा. मजा म्हणून वळलो. बातमी तिसऱ्या दिवशी आली, आणि मी वेळ जुळवून पाहिली. तीच दुपार.

तू मला पहिल्यापासून सांगितलंस की धक्क्यावरून सुटलेली होडी सूर्य जातो त्या बाजूने वळवायची, उजवीकडून. उलटी वळवली की होडीवर संकट. बाबांनी कधी उलटी वळवली नाही. डँड कधी वळवत नाही. आजी, काठी मागे नेताना मी उजवीकडे वळतो. सूर्याच्या बाजूने. मारताना सगळं अंग डावीकडे येतं, सूर्याच्या उलट. जितका चांगला फटका, तितकं जास्त उलट. त्या दुपारभर मी समुद्राच्या काठावर उभा राहून उलटा फिरत होतो, आणि पलीकडे जॉक होता.

मला ठाऊक आहे की मुंगोही उलटा वळतो आणि सगळं स्कॉटलंड उलटं वळतं. पण मुंगोचा बाप शिंपी आहे. त्यांचं कुणी पाण्यावर नसतं.

मी ठरवून थांबत नाही. अर्ध्यावर येतो आणि डँड आठवतो, आणि कंबर धरली जाते. डँड घरी आहे असं वाटतं त्या दिवशी जमतं. म्हणून दिवस विचारले.

तुला हसू येईल. डँडला सांगू नकोस.

पुढच्या शनिवारी सामना.

वॅटी


फिशररो,
गुरुवार, २२ ऑक्टोबर

वॅटीस,

हसू येईल असं तुला वाटलं. आलं नाही. जॉकच्या आईकडे मी रोज संध्याकाळी जाते, तिच्या गळाच्या दोऱ्यांना शिंपल्यांचं आमिष लावून देते. आता कुणाच्या होडीसाठी लावायचं हा प्रश्न आहे, पण तिचे हात थांबत नाहीत आणि मी त्यांना थांबवत नाही.

आता तू मला एक सांग. सकाळी धक्क्यावर कोळणी करंडी पाठीवर कशी घेतात ते कधी पाहिलंस? नाही पाहिलंस. पुरुष तेव्हा झोपलेले तरी असतात नाही तर दोऱ्या सोडवत असतात. भरलेली करंडी एकटीला उचलत नाही. दोघी समोरून ती उचलून धरतात, तिसरी वाकून तिच्याखाली शिरते आणि वळते, आणि वळता वळता करंडी पाठीवर बसते, पट्टा कपाळावर. ते वळण एकाच बाजूने जमतं. पट्टा उजव्या हातात असतो, म्हणून डावीकडे. कंबर आधी, खांदे मग, उजवी टाच उचलून सगळा भार डाव्या पायावर. तुझा मुंगो चित्रासारखा उभा राहतो म्हणतोस ना, तशी आम्ही प्रत्येक जण रोज सकाळी उभी राहायचो, फक्त पाठीवर मासे घेऊन.

डावीकडे, वॅटी. सूर्याच्या उलट. फिशररोतली प्रत्येक बाई, रोज, नवरा पाण्यावर असताना. माझी आई तशी वळली, तिची आई वळली. ही गोष्ट आम्ही पुरुषांना सांगत नाही. त्यांना होडी कुठून वळवायची याची इतकी काळजी असते की बायका कुठून वळतात हे कळलं असतं तर मासे घरातच कुजले असते.

तुझा आजा गेला त्या सकाळी मी तशी वळले होते. तो परत आला त्या सगळ्या सकाळीही तशीच वळले होते. समुद्र माझ्या कंबरेकडे बघत नाही. बघण्यासारखी होती तेव्हाही बघितलं नाही.

तू म्हणशील, मग म्हातारे, तू ग्रिझेलबाईंच्या बंधूंना काळा कोट का म्हणतेस? ते वेगळं आहे. एक शब्द गिळून माझं काही जात नाही. कंबर धरून तुझं सगळं जातंय.

(वॅटी, इथे तुमच्या आजींनी मला एक वाक्य सांगितलं, डँडबद्दल. ते मी लिहिलेलं नाही. त्यांना वाटतंय लिहिलं. खरं असं आहे की डँडची होडी 'इसोबेल' मंगळवारी पहाटे निघाली. बुधवारी वारा उत्तरेचा झाला आणि आज सकाळी धक्क्याच्या भिंतीवरून लाटा येत होत्या. बाकीच्या होड्या आल्या. 'इसोबेल' आलेली नाही. डँड शेकोटीपाशी झोपलाय असं माझ्या हाताने मला लिहिता येईना. तुम्हाला काय करायचं ते खरं कळून करा. त्या मला आत्ता हे वाचून दाखवायला सांगत आहेत. आता मी ते वाक्य मोठ्याने वाचणार आहे. माझ्या बंधूंना याबद्दल काय सांगू ते मला ठाऊक नाही. ग्रि. हॉ.)

तेव्हा निवांत मनाने खेळ. वाचलं ना त्यांनी, सगळं बरोबर लिहिलंय. करंडी मैदानावर नेऊ नकोस, पण ती पाठीवर आहे असं धर. पट्टा कपाळावर, डोकं जागच्या जागी. आणि दोघी समोर उभ्या आहेत, त्यांनी उचललं आहे, आता तू नाही वळलास तर मासे त्यांच्या पायांवर पडतील. एवढंच लक्षात ठेव. आपल्यामुळे दुसऱ्याच्या पायावर मासे पडू द्यायचे नाहीत.

मला लवकर आटोपतं घ्यायचं आहे. बाहेर ऊन आहे, थोडं खाऊन येते.

आजी


किलरेनी,
शनिवार, २४ ऑक्टोबर, संध्याकाळ

प्रिय आजीस,

जिंकलो. एका होलने, आणि तेही शेवटच्या. मेजरसाहेबांनी हात पुढे केला आणि म्हणाले, मार्चपासून गवत कापायचं यंत्र नवीन घेऊ. म्हणजे राहिलो.

सगळं सांगतो. वारा समुद्रावरून असा होता की टोप्या धरून चालावं लागत होतं. अर्ध्या वाटेपर्यंत मी चार होल मागे होतो. तेच, अर्ध्यावर थांबणं, उजव्या टाचेवर मागे येणं. मुंगो 'मावशी' म्हणायचाही बंद झाला होता. त्याला माझी दया यायला लागली होती, आणि त्याहून वाईट काही नाही.

परतीच्या वाटेला मैदान खाली गावाच्या रस्त्याला लागतं. तिथे भिंतीच्या आडोशाला तीन कोळणी होत्या. मुंगो मारत होता, सगळे त्याच्याकडे बघत होते. मी त्या बायकांकडे बघत होतो. दोघींनी करंडी उचलली. तिसरी, तुझ्याच वयाची असेल, वाकली आणि खालून वळली. डावीकडे. एकदम सगळी, टाचेपासून. शाल उडाली, करंडी पाठीवर बसली, पट्टा कपाळावर आला आणि ती चालायला लागली. डोकं इंचभर हललं नाही. मग दुसरी तशीच, डावीकडे.

मी मुंगोच्या फटक्याला वाहवा म्हणायचंही विसरलो.

माझा चेंडू ओल्या गवतात होता. पट्टा कपाळावर धरला. मागे नेताना भार उजव्या मांडीत, आणि मग मासे समोर उचललेले. कंबर आली, थांबायच्या जागी आली, आणि पुढे गेली. बेंबी झेंड्याकडे. चेंडू कुठे गेला ते मी पाहिलंच नाही, उजवी टाच वर आणि सगळा भार डाव्या पायावर, मी तसाच उभा राहिलो. मेजरसाहेब म्हणाले, "वॅटी, झालं, आता चाल." तिथून पुढे प्रत्येक फटका तसाच. शेवटच्या होलला मुंगोचा चेंडू वाऱ्याने खाल्ला, माझा नाही. त्याने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "मावशी, ती करंडी मला विकतेस का?"

डँड शेकोटीपाशी झोपलाय हे तू कळवलंस म्हणून डोकं शांत राहिलं. त्याला उठवून सांग.

तुझा,
वॅटी

[सोबतची चिठ्ठी, मिस हॉल्डेन यांस]

मॅडम,

हे आजीला वाचू नका.

तुमचं लिहिणं शुक्रवारी मिळालं. तुम्ही लिहिलं नसतं आणि तिचं वाक्य लिहिलं असतं, तरी मला कळलं असतं. तिने तुमच्या बंधूंना काळा कोट म्हटलं होतं. डँड खरंच घरी असता तर ती त्यांना पाद्री म्हणाली असती.

तिने डँडबद्दल खोटं सांगितलं म्हटल्यावर मला करंडीचंही खोटं वाटलं. मला वळवण्यासाठी रचलेलं. म्हणून सकाळी मी अर्ध्यावर थांबतच राहिलो. त्या बायका डोळ्यांनी दिसल्या तेव्हा कळलं की तेवढं तिने रचलं नव्हतं. किलरेनीच्याही दोन होड्या काल संध्याकाळपर्यंत आलेल्या नव्हत्या, मला नंतर कळलं. त्या बाईची होडी त्यांतली होती की नाही, विचारलं नाही. मासे विकायला ती निघालीच होती.

मी डँड पाण्यावर आहे हे जाणून वळलो. पूर्ण वळलो, प्रत्येक वेळी. आता संध्याकाळ आहे. जे काही असेल ते मला तारेने कळवा. उद्या रविवार, तारघर बंद. सोमवारी दार उघडेल तेव्हा मी पायरीवर असेन.

आपला,
वॉल्टर


फिशररो,
सोमवार, २६ ऑक्टोबर

वॅटी,

पाद्री. पाद्री. पाद्री.

लिहिलंत, ग्रिझेलबाई? तिन्ही लिहा. आणखी एक लिहा. पाद्री.

काल त्यांचं प्रवचन अर्ध्यावर आलं होतं. बायबलातला योना माशाच्या पोटात होता आणि बाहेर यायची काही चिन्हं नव्हती. मागच्या बाकावरचा कुणीतरी खिडकीतून बघत होता, तो उठून बाहेर गेला. मग दुसरा. मग सगळा फिशररो उठला, आणि मी सगळ्यांच्या पुढे होते. माझ्या गुडघ्यांबद्दल यापुढे कुणी काही बोलायचं नाही. 'इसोबेल' आत येत होती. शीड फाटकं, सुकाणूला दोरी बांधलेली, आणि डँड उभा. मागे बघते तर काळ्या कोटासकट ते स्वतः धक्क्यावर धावत आलेले. मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, "पाद्रीबुवा, या." चाळीस वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर. ते म्हणाले, "एपी, मला वाटलं होतं तुला माझा हुद्दा ठाऊकच नाही."

ग्रिझेलबाई सकाळी तारघरात गेल्या होत्या, म्हणजे तुला हे आधीच कळलं असेल. एवढी घाई काय होती ते मला समजलं नाही, तू तर तो घरी झोपलाय असंच धरून होतास. असो.

डँडची दोन बोटं थंडीने सुजून मुटक्यांसारखी झालीत आणि तो तीन माणसांचं जेवला. मग खरोखर शेकोटीपाशी झोपला. वारा उत्तरेचा झाल्यावर ते खाली वाहत गेले आणि एका अरुंद खाडीत शिरून दोन रात्री थांबले, म्हणतो. त्या तोंडातून आत शिरायचं तर होडी कुठून वळवलीस, असं मी विचारलं. त्याने वाडगा पुढे केला, अजून कांजी आहे का म्हणाला. मी पुन्हा विचारलं नाही. कांजी वाढली.

तुझं पत्र वाचून घेतलं. मग जॉकच्या आईकडे नेलं आणि तिथेही वाचून घेतलं. ती म्हणाली, वॅटीने मासे पडू दिले नाहीत. तुला पोचवते आहे.

मुंगोला करंडी विकू नकोस, ती तुझ्या आईची आहे. उसनी दे. आणि त्याला सांग, नव्या वर्षाला इकडे ये, आमच्यात खेळणाऱ्या अजून दोघी-चौघी आहेत.

वल्हं मी माळ्यावरून काढलं. चुलीत घातलं नाही, भीती बाळगू नकोस. दाराला आडसर म्हणून लावलं. वारा फार येतो.

आता एक गोष्ट, वॅटी, आणि मग मला झोपायचं आहे. मागच्या पत्रात डँड घरी झोपलाय असं मी घातलं होतं, ती थाप होती. तो तेव्हा कुठे होता देवाला ठाऊक. पण तेवढी ओळ घातली म्हणून तू निवांत वळलास. नाहीतर तू कसला वळतोस! करंडी वगैरे ठीक आहे, काम त्या थापेनेच केलं. कबूल कर. पुढच्या पत्रात मला ते स्वच्छ लिहून पाहिजे.

ग्रिझेलबाई इथे लिहायच्या थांबल्या होत्या. शाई संपली म्हणतात. दौत भरलेली आहे. मला वाचता येत नाही, दिसतं चांगलं.

आजी